उत्तरेकडची पांढरी भिंत

दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये आलेल्या एका पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं नव्हतं. टेबलाच्या उजव्या खणात, भरती-ओहोटीच्या जुन्या तक्त्यांखाली ते होतं. तक्ता घ्यायला खण उघडला की त्याचा निळा कोपरा दिसायचा, आणि मी तक्ता न घेताच खण बंद करायचो.

पत्र लहानसं होतं.

"श्री. गिलक्राइस्ट यांस,

तुमच्या पुस्तकात आमच्या ऑर्नेगच्या खाडीत शिरायची वाट दिली आहे. किनाऱ्यावरचा खांब आणि दोन तिकोनी भिंतींपैकी उत्तरेकडची पांढरी भिंत एका रेषेत ठेवून आत यावं, असं तुम्ही लिहिलं आहे. ती भिंत माझ्या घराची. पुस्तक निघाल्यापासून दर मे महिन्यात मी तिला चुना देते. एकोणीस वर्षं झाली. आता मी एक्याऐंशी वर्षांची आहे आणि शिडी पूर्वीपेक्षा उंच झाली आहे. चुना देणं थांबवलं तर चालेल का, ते कळवावं.

आम्ही पाहुण्या होड्या बांधायला सहा बोये टाकले आहेत आणि अंघोळीची खोली बांधली आहे. गरम पाणी आहे. एकदा येऊन बघावं, विशेषतः खोली कुठे बांधली आहे ते.

डोलिना मॅकास्किल, सचिव, ऑर्नेग बोया समिती."

कुणीही म्हणेल, यात उत्तर द्यायला काय अवघड होतं? मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मी ग्रीनॉकच्या वाचनालयात छत्तीस वर्षं काढली आहेत, पत्रं लिहायची सवय आहे. पण उत्तर लिहिण्याआधी मूळ टिपण बघावं म्हणून जुनी वही काढली.

ते पुस्तक आमच्या नौकानयन मंडळाने छापलेलं. पश्चिम किनाऱ्यावरच्या लहान खाड्यांमध्ये होडी कशी न्यावी, नांगर कुठे टाकावा, पाणी-दुकान कुठे मिळेल, एवढंच त्यात आहे. नऊ उन्हाळे मी माझ्या 'पिपिट' नावाच्या लहान शिडाच्या होडीतून एकटा हिंडलो, शिशाचा गोळा दोरीला बांधून खोली मोजली, आणि सगळं पेन्सिलीने वहीत उतरवलं. त्या वहीत ऑर्नेगच्या पानावर माझ्याच अक्षरात लिहिलं होतं: "खांब आणि दक्षिणेकडची पांढरी भिंत."

पुस्तकात 'उत्तरेकडची' होतं.

मी मोजपट्टी घेऊन नकाशावर रेघ ओढली. उत्तरेकडच्या भिंतीवरून आणि खांबावरून निघालेली रेघ खाडीच्या तोंडाशी पाद्र्याच्या खडकावरून जात होती. अर्धी भरती झाली की हा खडक पाण्याखाली जातो आणि वर काही दिसत नाही. म्हणजे एकोणीस उन्हाळे माझे वाचक माझ्यावर विश्वास ठेवून त्या खडकाकडे होड्या हाकत होते, आणि त्यांना तिकडे बोलावणारी भिंत पांढरी राहावी म्हणून एक म्हातारी बाई शिडीवर चढत होती.

त्या वर्षीच्या दुरुस्तीपत्रकात मी एक ओळ घातली: "ऑर्नेग: दिलेल्या रेषेवर फेरतपासणी होईपर्यंत विसंबू नये." कारण लिहिलं नाही. बाईंना उत्तर लिहायला अकरा वेळा बसलो. 'थांबवा' म्हणावं तर चूक कबूल करायला हवी. चूक कबूल करायची तर पुढचा प्रश्न विचारायला हवा, किती होड्या आपटल्या? तो प्रश्न कागदावर आला की माझं पेन थांबायचं. आणि वहीच चुकली असेल, पुस्तकच बरोबर असेल, ही शंका होतीच. माझ्या हातून काही बरोबर झालं असेल यावर माझा आधीपासूनच फारसा विश्वास नाही.

या जुलैत मंडळाने नव्या आवृत्तीची तारीख ठरवली, आणि मग मात्र निघावंच लागलं.

शनिवारी सकाळी पूर्ण ओहोटीच्या वेळी मी ऑर्नेगच्या तोंडाशी पोचलो. मुद्दाम ती वेळ धरली होती. खडक उघडा पडलेला असला म्हणजे निदान डोळ्यांना दिसेल. उजव्या हाताला तो दिसत होता, जेवणाच्या टेबलाएवढा, काळा, वर दोन पाणकावळे. मी शीड उतरवलं, इंजिन अगदी हळू ठेवलं आणि समोर बघितलं.

खांब होता. मागे चढावर शेजारी शेजारी दोन तिकोनी भिंती, घराची आणि गोठ्याची. गोठ्याची करडी होती. घराची, उत्तरेकडची, अर्धीच पांढरी. खालचा भाग ताजा चुना दिलेला, वरचा जुना, पावसाने डागाळलेला. मधे एका रेघेवर चुना थांबला होता आणि शिडी अजून तिथेच टेकवलेली होती.

मी अर्ध्या पांढऱ्या भिंतीला खांबाच्या मागे आणलं. माझ्या हिशेबाप्रमाणे होडीचं तोंड आता खडकाकडे असायला हवं होतं. खडक तर चांगला चाळीस पावलं उजवीकडे राहिला. मी होडी मागे घेतली आणि पुन्हा रेषेत आणली. पुन्हा चाळीस पावलं. तेव्हा मी ठरवलं की वही चूक, पुस्तक चूक, मोजपट्टीही चूक, आणि गुपचूप आत शिरलो.

पाहुण्यांचे सहा निळे बोये ओळीने तरंगत होते. एकट्या माणसाला बोया पकडणं म्हणजे सुकाणू सोडून पुढे धावायचं, आकडीने बोयाची कडी उचलायची आणि तिच्यातून दोर ओवायचा, तेवढ्यात होडीने सरकायचं नाही. माझी होडी सरकली. दोनदा. शेजारी एका रुंद, गंजक्या कामाच्या होडीत पन्नाशीचा एक माणूस पाणबुड्याचा काळा पोशाख कमरेपर्यंत उतरवून चहा पीत बसला होता.

"तिसऱ्या खेपेला मिळतो," तो म्हणाला. "चौथ्या खेपेला मिळाला तर आम्ही टाळ्या वाजवतो."

तिसऱ्या खेपेला मिळाला.

"होडी किती टनांची?"

"तीन."

"मग झोपा निवांत. पंधरा टनांना धरतो तो. एप्रिलमध्ये मी खाली जाऊन नवी साखळी लावलीय. मी रूरी. तुम्ही?"

"नॉर्मन," मी म्हणालो, आणि आडनाव गिळलं.

"नॉर्मन, अंघोळ करायची असेल तर आत्ताच जा. त्या लाल दाराच्या खोलीत. अकराला आत्या फरशी पुसायला येते आणि मग पाय ठेवू देत नाही कोणाला."

मी वल्ह्यांची लहान होडी पाण्यात सोडून किनाऱ्याला लागलो. खोली लाकडी होती, छपराला पत्रा, आत एक शॉवर, एक संडास, भांडी घासायचं बेसिन, कपडे वाळवायला गरम पाइप. दाराजवळ पाहुण्यांची वही आणि दोरीला बांधलेलं पेन. सगळं स्वच्छ होतं. पाणी खरंच गरम होतं, आणि मी चार दिवसांचं मीठ धुऊन काढलं. अंग पुसताना समोरच्या भिंतीवर प्लास्टिकमध्ये घालून ठोकलेला एक कागद दिसला. माझ्या पुस्तकातलं पान होतं ते. एका परिच्छेदाखाली लाल रेघ.

"किनाऱ्यावरील सोयी: काही नाहीत. पाणी नाही. लोक अबोल, पण सौजन्याने वागणारे."

खाली वेगवेगळ्या अक्षरांत पाहुण्यांनी आणि गावकऱ्यांनी लिहिलं होतं. "पाणी आहे." "गरमसुद्धा." "अबोल? लेखक रूरीला भेटलेला दिसत नाही."

"पाणी बंद होऊन दहा मिनिटं झाली," बाहेरून एका बाईचा आवाज आला. "आत कोणी वाचत बसलंय का?"

मी खरोखरच वाचत होतो. घाईने कपडे घातले आणि दार उघडलं. समोर बादली घेऊन एक उंच, वाळकी बाई उभी होती, डोक्याला रुमाल, डाव्या मनगटाला जाड पट्टा.

"वहीत नाव लिहा," ती म्हणाली. "होडीचं आणि तुमचं."

होडीचं नाव लिहून निघून जाता आलं असतं. पण तो पट्टा दिसत होता, आणि वर भिंतीला टेकवलेली ती शिडीही डोळ्यांसमोर होती. मी पूर्ण नाव लिहिलं. तिने चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या पानाकडे.

"अच्छा," ती म्हणाली. "उत्तर स्वतःच चालत आलं म्हणायचं."

"मिसेस मॅकास्किल..."

"मिस."

"माफ करा. हे मनगट..."

"मे महिन्यात. तिसऱ्या पायरीवरून. पाचवीवरून पडले असते तर तुम्ही ज्याला उत्तर लिहायचं असं कोणी उरलं नसतं, केवढी सोय झाली असती तुमची."

माझ्याकडे दोन वर्षं पाठ केलेलं एकच वाक्य होतं, तेच मी म्हणालो. "पुस्तकात चूक आहे."

"पुष्कळ आहेत. सोयींचं तर बघितलंतच. तुम्ही कोणती म्हणता?"

"भिंत. मी दक्षिणेकडची लिहायला हवं होतं. गोठ्याची."

"ती होय," ती बादली खाली ठेवत म्हणाली. "ती आम्हाला पहिल्याच उन्हाळ्यात कळली."

"किती आपटल्या?"

"काय किती?"

"होड्या. खडकावर."

मला वाटतं, मी दोन वर्षं गप्प का होतो ते तिला तेव्हा समजलं, कारण तिचा आवाज बदलला.

"एकही नाही," ती म्हणाली. "आपटला तो एक पाद्री, माझ्या आजोबांच्या वेळी. तुमच्या पुस्तकाने एकही नाही. बसा त्या बाकावर. पांढरे पडलात, चुन्याची गरज नाही."

बाकावर बसून तिने सांगितलं. माझी वही बरोबर होती. तेव्हा गोठ्याचीच भिंत पांढरी होती. तिचा भाऊ यूअन गोठ्याला जपायचा, घर मात्र साधं दगडी. मग पुस्तक आलं. पहिल्याच आठवड्यात एक जर्मन जोडपं खाडीच्या तोंडाशी तासभर गोल गोल फिरत राहिलं. एकाच्या हातात पुस्तक, दुसरा पांढरी उत्तर भिंत शोधतोय, आणि दिसते ती दक्षिणेकडची.

"यूअन म्हणाला, हजार लोकांच्या हातात पुस्तक आहे आणि आपल्या हातात एक बादली चुना. कोणतं बदलणं सोपं? मग घर पांढरं केलं आणि गोठा तसाच सोडला. पण तेवढ्याने भागत नव्हतं. रेषा खडकावर जायला लागली. म्हणून यूअन होडी घेऊन खाडीच्या तोंडाशी खोल पाण्यात बरोबर मधे उभा राहिला आणि मी इकडे खांबापाशी. त्याने डावा हात केला की खांब इकडे, उजवा केला की तिकडे. ट्रॅक्टरने ओढला. अकरा पावलं उत्तरेला. सिमेंटच्या पिंपासकट."

"तुम्ही खांब हलवलात," मी म्हणालो. "माझं पुस्तक बरोबर ठरावं म्हणून."

"तुमचं पुस्तक कशाला? जर्मन लोक बुडू नयेत म्हणून."

"मग मला कळवलं का नाही?"

"तुम्हीच लिहिलं होतंत," ती म्हणाली, "लोक अबोल आहेत."

एवढ्यात रूरी वर आला. पाणबुड्याच्या पोशाखातून पाणी निथळत होतं. आत्याने त्याला माझं पूर्ण नाव सांगितलं.

"हेच ते?" तो म्हणाला. "आणि मी यांना बोया पकडायला शिकवत होतो!"

"भिंतीचं काम तुम्ही का नाही केलंत?" मी त्याला विचारलं. विचारल्यावर वाटलं, हा प्रश्न विचारायचा मला काय अधिकार?

"आत्यासाठी मी अठरा मीटर खाली जातो. चार मीटर वर नाही जाऊ शकत. दुसऱ्या पायरीला माझे पाय लटपटतात."

"सगळ्या गावाला दाखवलंय त्याने लटपटून," आत्या म्हणाली.

"मिस मॅकास्किल," मी उभा राहिलो, "चुना थांबवा. आजपासून थांबवा. मी सांगतो."

"तोंडी?"

"म्हणजे?"

"मी लेखी विचारलं होतं. तुम्हाला लिहिलेलं पत्र समितीपुढे ठेवलेलं आहे. दर बैठकीच्या इतिवृत्तात मी लिहिते, 'श्री. गिलक्राइस्ट यांचे उत्तर आलेले नाही.' सोळा बैठका झाल्या. आता काय लिहू, 'ते ओल्या केसांनी बाहेर आले आणि हो म्हणाले'? आणि भिंत काळवंडली की आत येणाऱ्यांनी कशावर नेम धरायचा, तेही कागदावर हवं. आज येताना तुम्ही काय काय बघितलंत?"

"खांब. भिंत, अर्धी."

"आणि मधे?"

मी वळून बघितलं. खाली खांब, वर तिचं घर, आणि दोघांच्या मधे, त्याच रेषेत, ज्या दारातून मी आत्ताच बाहेर आलो होतो ते.

"लाल दार," मी म्हणालो.

"पत्रात लिहिलं होतं, खोली कुठे बांधली आहे ते बघा. सगळ्यांना ती धक्क्याजवळ हवी होती. तीन बैठका भांडले मी. दार समितीचं आहे, रंगवायला नऊ जण आहेत, आणि शिडी लागत नाही."

"म्हणजे आता जगभरच्या होड्या संडासाच्या दारावर नेम धरून येणार," रूरी म्हणाला.

"चार दिवस समुद्रात काढलेली माणसं तसंही तेच शोधत असतात," आत्या म्हणाली.

एक ओळ. दोन वर्षांपूर्वी मी येऊन बघितलं असतं तर दुरुस्तीपत्रकातली एक ओळ पुरली असती. तिच्या दोन मे महिन्यांचं आणि एका मनगटाचं काम त्या ओळीने वाचलं असतं. हे मी मोठ्याने म्हणालो नाही. म्हणालो असतो तर तिलाच माझी समजूत घालावी लागली असती, आणि तिला फरशी पुसायची होती.

"मला एकदा मोजून बघायला हवं," मी म्हणालो.

"आता किती वर्षं?"

"अर्धा तास."

"बारा वाजता टपालाची गाडी पेटी रिकामी करते," ती म्हणाली. "आणि उद्या रविवार. रविवारी मी चुन्याचं नावही काढत नाही, कोणाला काढू देत नाही."

रूरीने मला त्याच्या वल्ह्यांच्या लहान होडीतून नेलं. तो वल्ही मारत होता आणि लाल दार खांबामागे धरून ठेवत होता. मी पुढे वाकून शिशाचा गोळा सोडत होतो. खाडीच्या तोंडापासून बोयांपर्यंत बावीस जागी खोली घेतली. नुकतीच भरती सुरू झाली होती, तेवढं पाणी वजा केलं तरी सगळ्यात उथळ जागी साडेतीन मीटर होतं. खडक दक्षिणेला चाळीस पावलांवर. मी वळून पुन्हा मोजू या म्हणालो. रूरीने घड्याळाकडे बघितलं, पण वल्ही फिरवली. दुसऱ्या खेपेलाही साडेतीन. वहीत लिहिताना 'दक्षिण' हा शब्द मी मोठ्याने उच्चारून लिहिला.

"तुमच्या अक्षराचं एवढं काय घाबरायचं?" रूरी म्हणाला. "चुकलं तर आम्ही खडक हलवू."

'पिपिट'वर जाऊन मी कागद घेतला. घरी अकरा मसुदे झाले होते, प्रत्येक दोन-तीन पानांचा, त्यात माफी कमी आणि माझ्या प्रकृतीचं वर्णन जास्त. आता सहा वाक्यं झाली.

"मिस मॅकास्किल यांस,

तुमचं पत्र मला वेळेवर मिळालं होतं. उत्तराला उशीर झाला याचं कारण भीती हे आहे. पुस्तकात 'दक्षिणेकडची'ऐवजी 'उत्तरेकडची' छापलं गेलं, ती चूक माझी. ती तुम्ही आणि तुमच्या भावाने निस्तरली, हे नव्या आवृत्तीत तुमच्या दोघांच्या नावांनिशी येईल. यापुढे खांब आणि अंघोळीच्या खोलीचं लाल दार एका रेषेत ठेवून आत यावं. भिंत पांढरी असण्याची गरज नाही, चुना थांबवावा.

नॉर्मन गिलक्राइस्ट."

खाली ताजा कलम लिहिला: "सोयींचा परिच्छेदही दुरुस्त करतो." लिफाफा बंद केला, तिकीट लावलं, आणि तिकीट लावलं आहे ना ते दोनदा बघितलं.

पेटी रस्त्याच्या कडेला होती, तिच्या घरापासून ऐंशी पावलांवर. तिथे आत्या-भाचा दोघंही उभे होते. बाराला दहा कमी होते. पत्र इथून इन्व्हर्नेसला जाणार, तिथे शिक्का बसणार, आणि मंगळवारी हीच गाडी ते पुन्हा इथेच आणून टाकणार.

"मी हातातच देऊ का?" मी विचारलं.

"मी तुम्हाला हातात दिलं होतं का?"

रूरी वर बघत म्हणाला, "मग ती शिडी काढून ठेवतो, आत्या."

"राहू दे. उत्तर मंगळवारी मिळणार आहे मला. त्यात काय असेल कोणास ठाऊक." मग माझ्याकडे वळून, "एक सांगते. लोक अबोल आहेत ते वाक्य काढू नका. ते वाचून माणसं बोलायला येतात."

मला 'बरं' म्हणायचं होतं, पण आधी हातातलं काम संपवावं असं वाटलं. लिफाफ्यावरचा पत्ता शेवटचा एकदा वाचला. डोलिना मॅकास्किल, ऑर्नेग. तिन्ही शब्द बरोबर होते. मी पत्र पेटीत टाकलं.